डावा गुडघा

आधी खोका. कोपरे शाबूत, एक घडी पुसट,
आतल्या थर्मोकोलला चाळीस वर्षांचा पिवळेपणा.
खोक्याला दहापैकी सात.
त्यात तो: तेत्सुगामे, म्हणजे लोखंडी कासव.
नाव भारदस्त, उंची वीतभर.
एकवीस पायऱ्यांत क्रेनचा माणूस होतो,
एकोणिसावीला अंगठ्याचं नख दुखतं.
रंगाला आठ, सांध्यांना सहा.
उजवी मूठ नाही. ती कुणाच्याच खोक्यात नसते,
ती देशभरच्या कपाटांखाली आहे.

वाद आहे तो डाव्या गुडघ्याचा.
बहुतेकांच्या गुडघ्यात अधिकचिन्हाचा स्क्रू,
मोजक्यांच्या गुडघ्यात एकच आडवी खाच.
त्या खाचेवर बोली दसपट चढते.
पहिली तुकडी, म्हणतात काही जण,
काही म्हणतात, मालकानं स्वतःच्या मुलासाठी घडवलेली.
ओसाकाच्या एका दंतवैद्यानं
खाचेची रुंदी भिंगाखाली मोजून
अकरा पानांचा लेख छापला.
मी तो वाचला. दोनदा.
आमच्या जमातीची अक्कल कुठे असते
ते वेगळं सांगायला नको.

म्हणून कात्सुशिकाला गेलो.
योत्सुगी स्टेशनच्या मागे, कारखाना होता तिथे
आता नाणी टाकून कपडे धुतात.
तिथेच उराता किनुयो, वय एक्याऐंशी,
कुणीतरी विसरलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसलेल्या.
खोका उघडला तर त्यांनी चेहरा पाहिलाच नाही,
थेट गुडघ्यावर बोट ठेवलं.

"खाच ना? त्या आठवड्यात स्क्रू संपले होते.
मालकाचा मेव्हणा रेडिओवाल्याकडून
पिशवीभर घेऊन आला. शुक्रवारपर्यंत पुरले."

झालं.
अकरा पानं, पिशवीभर.

मी वही मिटत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं,
"पण हे आहे काय?"
म्हणजे?
"मी गुडघेच पाहिले. दिवसाला नऊशे, सगळे डावे.
उजवे ओकियेच्या टेबलावर, धड वरच्या मजल्यावर.
मग खोके बंद होऊन जायचे.
दुकानात किंमत बघितली होती एकदा.
परत ठेवला."

परीक्षण करताना मी खेळणं घाईनं फिरवत नाही,
पण इतकं सावकाश कधीच फिरवलं नव्हतं.
धुलाईयंत्राच्या झाकणावर, खाली कुणाच्या तरी चादरी घुसळत,
क्रेनचा हात दुमडला, पाठ उलगडली,
चाकं पोटऱ्यांत गेली, डोकं वर आलं.
एकोणिसाव्या पायरीला त्या म्हणाल्या, "हळू."

तो उभा राहिला. मग झाकणाच्या थरथरीनं
डावीकडे कलला, आणखी कलला.

"गुडघा करतो तरी काय ह्याच्यात?"
सगळं वजन त्याच्यावरच असतं, मी म्हणालो,
क्रेन झाला की तो घडीत जातो, दिसत नाही.
"हं," म्हणाल्या, आणि गल्ल्याच्या खणातून
पेटी उघडायचा स्क्रूड्रायव्हर काढला.

मला थांबवायला हवं होतं.
पाव वळसा, फक्त पाव, मनगटातूनच,
जसं भाताच्या भांड्याचं झाकण बसवावं.
खाचेच्या कडेला केसाएवढा ओरखडा उमटला, लख्ख.
ढोबळ हिशेबानं नव्वद हजार येन.

यंत्र पिळण्याच्या फेरीत शिरलं, झाकण धडधडू लागलं.
तो हलला नाही.

तर वाचकहो, दुरुस्ती:
सांध्यांना सहा नव्हे, आठ.
मूळ स्थिती या रकान्यात काय लिहावं
हे संपादकांनी ठरवावं.

निघताना त्यांनी दारातून हाक मारली,
"उजवाही बघून घे. ओकिये नेहमी सैल पिळायची."

गाडीत बसून तपासला.
उजवा घट्ट आहे. चांगला घट्ट.
ओकिये कुठे राहतात, ते विचारायचं राहिलं.